आठवं ताट

प्रिय क्वान,

मेजवानीत वाढणाऱ्या आपण सगळ्या बायका एकच अन्याय गिळतो. चूक वरच्याची आणि मेलेलं मांजर खायचं आपण! दुसऱ्याचं पाप अंगावर घेणाऱ्याला आपल्या हाँगकाँगात असंच म्हणतात, वर हसतातही. मला हसू येत नाही. शुक्रवारी तू त्या कबुलीच्या कागदावर सही केलीस, तर पुन्हा कुठलंही मेजवानीघर तुला दारात उभं करणार नाही.

लग्नाला एकामागोमाग आठ पदार्थांची आठ ताटं, सुतकाच्या जेवणाला सात, हे शेंबड्या पोरालाही कळतं. नवरीची आजी बोटं मोजत बसली होती. सातवं ताट माशाचं झालं आणि मागोमाग थेट शेवटचा भात आला. ‘सातच? नातीचं लग्न लावताय की माझं तेरावं घालताय?’ आपले व्यवस्थापक फोकसाहेब धावत आले आणि बोट तुझ्याकडे! ‘ही बया एक ताट विसरली, आजी.’ आतून आचारी लाम ओरडला, ‘मी कागदावरचं शिजवतो, साहेबाच्या मनातलं नाही!’ पण तोवर तू कमरेत वाकून आजीची माफी मागत होतीस. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात आठ ओळींची नवी यादी लटकत होती आणि जुनी गायब. वर साहेबांची लाडीगोडी, ‘खाऊन टाक गं हे मांजर, चार दिवसांत लोक विसरतील.’ एवढं रुचकर असेल तर स्वतःच्या पानात वाढून घ्या की!

सोळा वर्षं तू उकळती भांडी वाहिलीस, पाहुण्याच्या बाहीवर थेंब सांडू दिला नाहीस. तुझा नम्रपणा म्हणजे गुन्ह्याची कबुली, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं. चोर सोडून संन्याशाला फाशी!

आणि मी? लग्नाच्या सकाळी चहा द्यायला गेले, तेव्हा साहेब आदल्या दिवशीच्या सुतकाच्या सात ओळींच्या यादीवरच पदार्थांची नावं खोडून लग्नाची लिहीत होते. नवा कागद घ्यायचा आळस. आठवी ओळ घालताना मी त्यांना पाहिलंच नाही. मालकीणबाईंनी विचारलं, तेव्हा मात्र मी म्हणाले, ‘माझं लक्ष नव्हतं.’ कामगारांच्या सभांमधून गरजणारी मी, नोकरी जाईल म्हणून घाबरले. म्हणून हे पत्र. पाहिलं ते सगळं सोबतच्या कागदावर लिहून खाली माझं नाव घातलंय. शुक्रवारी त्यांचा कागद परत सरकव आणि माझा कागद मालकीणबाईंच्या हातात दे.

उशिरा तोंड उघडलेली, पण तुझीच,
युएन-हा