पाणी चढायच्या आधी

२ नोव्हेंबर

चि. भिंगरीस अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर मी नुसतं ठीक आहे, ठीक आहे म्हणतो, म्हणून पत्रच लिहायचं, हा तुझा हुकूम डोक्यावर घेतला आहे.

काल हंगाम सुरू झाला. कुटुंबसहलींच्या पाट्या नव्यानं रंगवल्यात. फेरी तीच. बंदरावरून निघायचं, जुन्या जकातघरापाशी थांबायचं, दीपगृह बघायचं आणि ओहोटीला पाण्यातल्या दगडी वाटेनं बेटावरच्या किल्ल्यात जायचं. तिथे अर्धा तास, की पाणी चढायच्या आत मागे. एकतीस वर्षं हेच चाललंय. आता मी नाही बोललो तरी माझे बूट बोलतील.

मुलांचं जे काम तुझी आई करायची, म्हणजे बुरूज वितींनी मोजायला लाव, दीपगृहाचं चित्र काढून घे, ते ती गेल्यापासून बंदच होतं. यंदा सहल कार्यालयातल्या साहेबांनी ते माझ्या गळ्यात घातलं. काल एका चिमुरडीला तोफेचा इतिहास सांगायला घेतला, तर ती तोफेला टेकून गाढ झोपली. तिच्या आईनं मला धन्यवाद दिले, दोन दिवसांत पोरीचा डोळ्याला डोळा लागला नव्हता म्हणे.

तुम्ही या गर्दीत यायची घाई करू नका. मी मजेत आहे. जावईबापूंना नमस्कार, पिटुकलीला पापा. माया आहेच, ती अशीच राहू दे.

तुझे,
बाबा

९ नोव्हेंबर

ती. बाबांस सा. न. वि. वि.

तोफेची गोष्ट पिटुकलीला वाचून दाखवली. तिचं म्हणणं असं की आजोबांनी तिलाही झोपवून दाखवावं, ती मुळीच झोपणार नाही.

इकडे माझं कारखान्यातलं तपासणीचं काम वाढलंय. दिवसभर भिंगातून शिवणी बघते आणि घरी आले की यांच्या सदऱ्याच्याही शिवणी बघत बसते. हे म्हणतात, माझ्या चेहऱ्याकडेही कधीतरी बघ.

तुम्ही मजेत आहात हे चांगलंच. पण जेवताय काय, ते लिहीत नाही. आईच्या खोलीतलं कपाट आवरलंत का, तेही नाही. सगळ्या गावाचा इतिहास तोंडपाठ आणि घरच्या बातम्या तेवढ्या गाळीव! पुढच्या पत्रात सविस्तर लिहा. आमच्यावरचं प्रेम पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
भिंगरी

२१ नोव्हेंबर

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. मध्ये एक दिवस फेरी जरा लांबली. घड्याळ बंद पडलं होतं. दुसरं विशेष काही नाही. जेवण वेळेवर होतं. कपाट आवरायचंय.

हवा कोरडी आहे. वारा मात्र फार. आज जास्त लिहीत नाही.

सर्वांना यथायोग्य.

बाबा

२४ नोव्हेंबर

प्रिय ताई, स. न. वि. वि.

आपली ओळख नाही. सहल कार्यालयाच्या खिडकीवर तिकिटं देते ती मी. काका मला खिडकीवाली म्हणतात. तुमचा पत्ता त्यांच्या टेबलावरच्या पाकिटावरून घेतला, त्याबद्दल क्षमा करा.

त्यांनी तुम्हाला कळवलं नसणार म्हणून लिहिते. गेल्या बुधवारी काका एका कुटुंबाला घेऊन किल्ल्यात गेले होते. दोन लहान मुली, त्यांचे आईवडील, आत्या आणि आजी. साडेअकराला त्यांनी तिथून निघायला हवं होतं. बारा वाजून गेले तरी वाटेवर कुणी दिसेना. मी दुर्बीण लावली तर वाटच दिसेना. मी धावत बंदरावर गेले, पण लाटा एवढ्या होत्या की होडी घालायला कुणी तयार होईना. ती माणसं तीन तास उन्हावाऱ्यात अडकली. मुलींचे वडील पाण्यातून जायला निघाले होते, काकांनी दोन्ही हात पसरून त्यांना अडवलं, म्हणून पुढचं टळलं. आजींची औषधं मात्र खोलीवर राहिली होती. त्यांना धाप लागली. लाटा जरा बसल्यावर होडीतून आणलं तेव्हा त्यांचे ओठ निळे पडले होते. दोन दिवस दवाखान्यात होत्या, आता बऱ्या आहेत.

काकांनी साहेबांना घड्याळ बंद पडल्याचं सांगितलं. साहेब त्यांच्याच हाताखाली शिकलेले, त्यांनी ते मानून घेतलं. पण ताई, काकांना भरतीची वेळ कळायला घड्याळ कधीच लागत नाही. मला भीती वाटते, ते विसरायला लागलेत की काय. सोमवारपासून ते पुन्हा फेरी नेणार आहेत. तुम्ही काय ते बघा. मी कळवल्याचं त्यांना सांगितलंत तरी चालेल. राग धरू नये, ही विनंती.

आपली,
खिडकीवाली

२७ नोव्हेंबर

ती. बाबांस सा. न. वि. वि.

मला सगळं कळलंय. खिडकीवर बसणाऱ्या परक्या बाईला माझा पत्ता शोधावासा वाटला आणि तुम्हाला दोन ओळी लिहवल्या नाहीत. 'फेरी जरा लांबली'!

बाबा, विसरायला होत असेल तर त्यात लाजायचं काय? यांच्या ओळखीचे डॉक्टर आहेत, त्यांच्याशी बोलले आहे. सामान बांधा आणि इकडे या. एक खोली तुमच्यासाठी मोकळी करते. तोवर त्या वाटेवर पाऊल टाकू नका, तुम्हाला आईची शपथ आहे.

उलटटपाली उत्तर हवं.

भिंगरी

३ डिसेंबर

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

मी विसरलो नव्हतो. डॉक्टरांना तसदी देऊ नकोस. विसरलो असतो तर बरं झालं असतं, असं गेले पंधरा दिवस मनात येतंय.

लोक मला काय विचारतात, ठाऊक आहे ना? तोफा किती, भिंत किती जाड आणि मोरी कुठे. त्या दिवशी त्या आजी पायरीवर बसल्या आणि त्यांनी विचारलं, की घरी कोण असतं. दोन वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, कुणी नाही. त्या सरकून बसल्या आणि त्यांनी मला जागा करून दिली.

मग मी तुझ्या आईबद्दल बोलायला लागलो. ती पोरांना बुरूज मोजायला लावायची आणि दर वेळी माप वेगळं आलं की कशी हसायची, ते सांगितलं. शेवटच्या महिन्यात तिला जिना उतरवेना, तेव्हा खिडकीशी बसून ती येणारीजाणारी कुटुंबं मोजायची, तेही सांगितलं. हे मी तुलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं. आजी ऐकत होत्या. मधे बोलत नव्हत्या, हातातल्या पिशवीशी चाळा करत नव्हत्या, नुसत्या ऐकत होत्या.

वाटेच्या मधल्या दगडावर पहिलं पाणी चढलं, ते मला दिसलं. चांगलं दिसलं. तेव्हा उठलो असतो तर पावलंही ओली न होता सगळे पलीकडे गेलो असतो. मला वाटलं, अजून पाच मिनिटं. मग वाटलं, हे एवढं सांगून होऊ दे. उठलो तेव्हा वाट गेली होती.

पुढचं तुला कळलंच आहे. त्या तीन तासांत धाकटी मुलगी माझ्या कोटात थरथरत होती आणि माझ्याशीच विश्वासानं बोलत होती. तिला काय माहीत, हे कुणामुळे झालं ते.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेलो. आजींच्या मुलानं दारातच सांगितलं, की त्यांना त्रास देऊ नका. त्याचं बरोबरच होतं. फळांची पिशवी परिचारिकेपाशी ठेवून परत आलो. त्या घरी गेल्या, एवढं नंतर कळलं.

घड्याळावर खापर फोडलं, याची लाज जास्त वाटते. तुझं पत्र आलं त्याच दुपारी साहेबांकडे गेलो आणि खरं ते सांगितलं. ते बराच वेळ टेबलावरचे कागद सारखे करत बसले. मग म्हणाले, झालं गेलं विसरू या, उद्यापासून पुन्हा या. मी नाही म्हटलं. पाण्याची मला अजून चांगली पारख आहे, पण पुन्हा कुणी जवळ बसवून तसं विचारलं तर मी उठेनच, याची खात्री मला देता येईना. फेरी आता एक नवी मुलगी नेते. कागद बघून बोलते, पण बरोबर वेळेवर परत आणते.

आता मी सकाळी खिडकीशेजारच्या फळ्यावर भरतीओहोटीच्या वेळा लिहितो आणि घरी येतो. अकरा वाजता घरी. मग घर खायला उठतं. खिडकीवालीला रागावलो नाही. उलट तिला तुझ्याबद्दल चार गोष्टी सांगितल्या. पण तिच्यापुढे रांग असते.

तुझ्याकडे कायमचा येत नाही. तिथे मला पाण्याचा आवाज येणार नाही आणि तू कामाला गेलीस की मी दुसऱ्या खोलीत गप्प बसेन, एवढाच फरक.

तुझ्या आईनं जाताना मला बजावलं होतं, पोरीला तिच्या संसारातून सारखी बोलावू नका. म्हणून दर पत्रात मजेत आहे असं लिहीत आलो. मी मजेत नाही.

तू ये. पिटुकलीला आण, नाहीतर एकटी ये. काही बघायला नको, काही आवरायला नको. मी बोलायला लागलो की तेवढी मधेच उठू नकोस.

तुझे,
बाबा