भाईकाकाचं गाऱ्हाणं

दोडामार्ग, ७ एप्रिल २०२५
ती. शर्मिष्ठाताईस शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू अर्ध्यातच ओरडतेस, म्हणून पत्र. काल लिहिणार होतो, पण तिलारीच्या रस्त्यावर गवे दिसले आणि बघत बसलो. असो. माझा काजूचा कारखाना सुरू झाला.

बाबा इस्पितळात असताना आई काजूबिया विकायला भाईकाकाच्या गोदामावर गेली, तेव्हा घरचा असूनही त्याने भाव पाडलाच, वर टोपलीतून पसाभर बिया देवाच्या म्हणून काढल्या. गरिबान तरी देवाक विसरा नये, असं चारचौघांत सुनावलं. सगळ्यांकडून घेतलेला तो पसा देवळात नाही, त्याच्या गोदामात गेला. मी पसा घेत नाही, भाव जास्त देतो आणि नफा खातो म्हणून उघड सांगतो. त्याचं गोदाम ओस पाडल्याशिवाय राहणार नाही.

शिरोड्याचे बांगडे पाठव आणि राग धरू नकोस.
तुझा गुरू

शिरोडा, १४ एप्रिल
चि. गुरुप्रसादास अनेक आशीर्वाद.

बांगडे पोस्टाने येत नाहीत, शहाण्या! शाळेत मी लोभ वाईट म्हणून शिकवते, आणि माझा भाऊ नफ्याची दवंडी पिटतो. आईचा तो चेहरा मीही विसरले नाही. पण हा धंदा की सूड? येत्या रविवारी भाईकाका देवळात देवासमोर तुझ्याविरुद्ध गाऱ्हाणं घालणार, असं कळलं. गावाने व्हय म्हाराजा म्हणून होकार भरला की एक बी तुझ्याकडे येणार नाही. त्याच्या पाया पड.

आई इथे बरी आहे. तुझी काळजी करणारी,
ताई

दोडामार्ग, २३ एप्रिल
ती. ताईस सा. न.

पाया पडलो नाही. विचारतेस तर दोन्ही, धंदाही आणि सूडही. पण मी कुणाचा हात पिरगळला नाही. पटलं त्याने विकलं, आणि माझ्या नफ्यावर कारखान्यात कामाला येणाऱ्या शेवंतीसारख्या अकरा बायकांची चूल पेटते. यात पाप कसलं?

रविवारी सगळा गाव जमला. घरच्याच पोराचं नाव कसं घ्यायचं म्हणून काकाने गाऱ्हाण्यात माझं नाव घालू दिलं नाही. गावातर्फे देवाशी बोलायचा मान गावकाराचा, त्याने गाऱ्हाणं घातलं, गावाला लुबाडून जो धनी झाला, त्याचं गोदाम रिकामं होवो. सगळी माणसं माना वळवून काकाकडेच बघायला लागली आणि ओरडली, व्हय म्हाराजा! आपल्या शेजारची हौसाबाई तर दोनदा.

सोमवारी माझ्या दारात बिया विकणाऱ्यांची रांग. काल स्वतः काका दोन पोती बिया घेऊन रांगेत शेवटी उभा. परत धाडला नाही. तोच काटा, तोच भाव. तुमच्याही मालावर मी कमावणार, एवढं मात्र सगळ्यांदेखत सांगितलं. त्याने मान हलवली.

आईला हे मोठ्याने वाचून दाखव. रडली तर थांब, हसली तर परत वाच.
तुझा गुरू