शुद्ध पाण्याची चिठ्ठी

३ जुलै

चि. चिमणीस,

बारीकमामाचे अनेक आशीर्वाद. वि. वि. मी ठीक आहे. तूही ठीकच असशील, तुला आजारी पडायला सवड कुठे असते?

मंगळवारी सकाळी साडेसातला मी रोजच्यासारखी प्रयोगशाळा उघडली. टेबलं पुसली, देवाचं नाव घेत पंधरा छोट्या बाटल्या धुतल्या, प्रत्येकीच्या गळ्यात ‘शुद्ध पाण्याने धुतली’ अशी चिठ्ठी बांधून खाली सही केली. ही पद्धत माझीच, तुला ठाऊक आहे. नऊला आमच्याकडे संशोधन करणारी मुलगी आली. तीन महिने खपून तिने सोन्याचं पाणी केलं होतं. पिण्याच्या पाण्यात शिसं असलं तर ते म्हणे याने ओळखता येतं. आणि पिवळं नव्हे बरं का, डाळिंबाच्या दाण्यासारखं लाल! पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी म्हणालो होतो की लेकी, सोनाराने तुला फसवलं. हसून हसून ती खालीच बसली होती.

ते सगळं तिने त्या बाटल्यांत भरलं. दुपारपर्यंत पंधराही निळ्या पडल्या. सर म्हणाले, हा निव्वळ हलगर्जीपणा. आपलं काही चुकलं नाही असं ती सांगत राहिली, पण कोण ऐकतो? महिनाअखेरीस समिती बसेल आणि तिला ठेवायचं की घरी पाठवायचं ते ठरवेल.

तू हाच विषय शिकवतेस म्हणून विचारतो. एवढ्या बारीक सोन्याचं असं का होतं? मला समजेल असं लिही. फोन नको, कागदावरचं मला नीट कळतं. ताईला गुडघ्याला तेल लावायला सांग. लोभ आहे तेवढा राहू दे.

तुझा,
बारीकमामा


९ जुलै

ती. बारीकमामांस,

चिमणीचा शि. सा. न. तुमचं पत्र आईने आधी वाचलं, मग मला मिळालं. तेलाचा सल्ला तिला झोंबला. म्हणाली, त्याला म्हणावं स्वतःचा गुडघा सांभाळ, जिना चढताना पायरीपायरीला देवाला हाका मारतोस.

आता तुमचा तास. माझ्या एका केसाच्या जाडीत ते सोन्याचे कण ओळीने बसवले, तर चार हजार मावतील. वस्तू इतकी लहान केली की जुना स्वभाव सोडते. सोनं तेच, पण उजेडाशी वेगळं वागतं, म्हणून लाल दिसतं. चांदीचे असे कण जखमेच्या पट्टीत घालतात, त्याने जंतू मरतात. जस्ताची अशी भुकटी उन्हाच्या मलमात असते. ऊन अडतं आणि तोंड पीठ फासल्यासारखं दिसत नाही. तुम्ही आयुष्यभर ‘बारीक’ म्हणून चिडवून घेतलंत, पण बारीक असण्यातच खरी करामत आहे!

हे कण एकमेकांना दूर ढकलत राहतात, अबोला धरलेल्या जावांसारखे. तोवर रंग लाल. पाण्यात क्षार आले की अबोला सुटतो, जावा गळ्यात गळे घालतात आणि रंग निळा होतो. फार क्षार लागत नाहीत. नळाच्या पाण्याने विसळलेली ओली बाटलीसुद्धा पुरते.

तुमच्या बाटल्यांत ते शक्यच नाही, म्हणून दुसरं कारण शोधायला हवं. तुमच्या चिठ्ठ्यांची गोष्ट मी दरवर्षी वर्गात सांगते. शुद्ध पाण्याने भांडं धुण्याला आमची मुलं ‘मामा करणं’ म्हणतात. बाहेरच्यांना वाटतं, आम्ही कुणाला तरी फसवतोय!

रागवायचं असेल तर रागवा, पण लोभात काटछाट नको.

तुमची,
चिमणी


१६ जुलै

चि. चिमणीस,

आशीर्वाद द्यायला आज हात उचलत नाही, तरी देतो.

दुसरं कारण शोधू नकोस. त्या मंगळवारी शुद्ध पाण्याचा कॅन रिकामा होता. भरलेला तळमजल्यावर आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर. गुडघा कुरकुरत होता. मनात आलं, नळाचं पाणी आपण पितो, त्याने बाटली काय बाटणार? विसळल्या, निथळूही दिल्या नाहीत. चिठ्ठ्या मात्र बांधल्या. चिमणे, एखादी सही चुकून होते. पंधरा होत नाहीत.

दुपारी निळा रंग पाहिला तेव्हा माझी नजर आधी त्या रिकाम्या कॅनकडे गेली. म्हणजे मला कळलं होतं. तुला विचारलं ते कळावं म्हणून नव्हे, तू दुसरं काही सांगशील या आशेने.

सरांनी बाटल्यांबद्दल विचारलं तेव्हा ती मुलगीच म्हणाली की काकांची चिठ्ठी होती, बाटल्यांवर संशय नको. मी शेजारी फडकं घेऊन उभा होतो. काच पुसत राहिलो.

गावच्या शाळेत गुरुजी सांगायचे, पाटी पुसता येते, सही पुसता येत नाही. सकाळी देवापुढे बसतो, पण डोळे मिटले की निळंच दिसतं. ती हल्ली जिन्यात एकटी बसून डबा खाते. मी दुसऱ्या जिन्याने जातो.

बाहेरच्यांचाच अर्थ खरा निघाला. मी त्या पोरीचा मामा केला.

लोभ मागायला तोंड नाही.

मामा


२२ जुलै

ती. मामांस,

शि. सा. न. तुमचं पत्र मी उशीखाली ठेवलं होतं, आईने ते काढलंच. ती रागावली नाही. म्हणाली, लहानपणी याने दूध सांडलं आणि मांजराचं नाव सांगितलं. मार मांजराने खाल्ला आणि हा दोन दिवस जेवला नाही. आताही जेवत नसेल, विचार त्याला.

मला मात्र राग आला. काल वर्गात कुणी ‘मामा केलं का’ म्हणालं, आणि हातात खडू असून मी खडू शोधत राहिले.

एकच लिहिते. ते सोनं बिघडलं नाही. पाण्यात नको ते असलं की रंग बदलायचा, हेच त्याचं काम. त्या खोलीत त्या दिवशी तेवढं एकच खरं बोललं.

जेवा. महिनाअखेर जवळ आली आहे. लोभ आहेच, तो मागावा लागत नाही.

चिमणी


३० जुलै

चि. चिमणीस,

आशीर्वाद. आज हात उचलला.

मुलगी राहते आहे. तिला आणखी चार महिने दिलेत. मला बाटल्यांवरून काढून तळमजल्यावर कॅन भरायला बसवलंय. आता जिने चढायचे नाहीत. ही शिक्षा की सवलत, ताईला विचार. समितीतल्या एकाने कारण विचारलं. मी म्हणालो, तीन जिने. ते हसले. हसण्यासारखंच होतं. मुलगी हसली नाही. तिने एवढंच विचारलं, की काका, पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत? तिने लोभ ठेवावा असं मी म्हणणार नाही. तुम्ही दोघींनी ठेवलात, तो जपून वापरीन.

कसं केलं ते ताईला वाचून दाखव. काल सकाळी साडेसातला प्रयोगशाळा उघडली. त्या पंधराही निळ्या बाटल्या काढल्या, जुन्या चिठ्ठ्या सोडल्या आणि नव्या बांधल्या: ‘नळाच्या पाण्याने धुतली’. प्रत्येकीखाली सही केली, वाचता येईल अशी. मग ट्रे उचलला आणि बोलावणं नसताना आत जाऊन समितीपुढे ठेवला.

तुझा,
मामा