पांढऱ्या थराचं वय

जहाजावरून,
३ मार्च

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमची चिखलराणी जिवंत आहे आणि ओकणं थांबलंय, ही पहिली बातमी. पहिल्या आठवड्यात माझे काय हाल झाले ते काकूला सांगू नका. बाबांचं पोट माझ्यात उतरलंय, एवढंच समजा. आता मी डुलत्या जहाजावर उभ्याने जेवते आणि चहाचा कप न सांडता जिना चढते.

काम तुम्हाला माहीत आहे, तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही. वजन बांधलेली लांब पोलादी नळी तारेने खाली सोडायची, ती तळाच्या चिखलात घुसते, मग दुपारभर ती वर ओढत बसायचं. नळीतून चिखलाची लांबलचक कांडी निघते. ती उभी चिरली की वरच्या टोकाला सगळ्यात नवा चिखल आणि खाली सगळ्यात जुना. मोहिमेचे प्रमुख, ज्यांना आम्ही मोठे साहेब म्हणतो, त्यांना चिखलात काडीचा रस नाही. त्यांना हवेत मँगेनीजचे गोळे. जाळ्यातून ते काळे बटाटे डेकवर धडाधड ओतले गेले की साहेबांची कळी खुलते. मी एक करवतीने कापून पाहिला. आत कांद्यासारखे पापुद्रे आणि मधोमध शार्कचा दात! एवढं वाढायला त्याला लाखो वर्षं लागली असतील, आणि आमच्या आचाऱ्याने दुसरा अर्धा भाग स्वयंपाकघराचं दार अडवायला नेला.

आणि काका, तुमचा पांढरा थर पाहिला! लाल माती, लाल माती, आणि मग एकदम खडूसारखा पांढराशुभ्र पट्टा. मी इतक्या जोरात ओरडले की यंत्रावरचा माणूस अपघात झाला समजून धावत आला. सगळ्यांना सांगितलं की हा थर माझ्या काकांनी शोधला. साहेब म्हणाले, त्यांनी स्वतः तुमचा लेख वाचून परीक्षा दिली होती. त्या दिवशी जेवताना मला वाढणाऱ्याने न मागता दुसऱ्यांदा वाढलं.

एक विचारायचं होतं. थराचं वय तुम्ही सगळ्या नळ्यांवरून काढलंत की एकाच नळीवरून?

काकूला नमस्कार. तुमची माया आणि तुमचा ओरडा, दोन्ही अशीच मिळत राहोत.

आपली,
चिखलराणी


घर,
२० मार्च

चि. चिखलराणीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि चौथ्यांदा तुझ्या काकूला वाचून दाखवलं, म्हणजे ओकण्याचा मजकूर तिला कळला. आता पुढच्या टपालाने आलं आणि गोळ्या येतील. औषधांचं दुकान चालवणाऱ्या बाईपासून काही लपत नाही. केस कापायला गेलो तर तिथेही तुझाच विषय काढला. न्हावी म्हणाला की साहेब, हे तुम्ही मागच्या खेपेला सांगितलंत. मी म्हटलं, मग आज पुन्हा ऐक.

आता तुझा प्रश्न. वय एकाच नळीवरून काढलं, आणि ती सगळ्यात उत्तम नळी होती. बाकीच्यांत रंग तोच, पोत तोच, वरखाली लाल माती तीच. आपल्या आणि शेजाऱ्याच्या गच्चीवर सकाळी सारखंच दव दिसलं तर ते वेगवेगळ्या दिवशी पडलं का, असं विचारायला कोण जातं?

तुला लहानपणी सांगितलं तेच पुन्हा सांगतो. पृष्ठभागावरचे बारीक जीव मरतात आणि त्यांची चुन्याची कवचं खाली पडत राहतात. खोल पाणी चावरं, त्यामुळे ती तळाशी पोचेपर्यंत विरघळून जातात आणि उरते लाल माती. पण एके काळी सगळ्या समुद्राचं पाणी थोडं मवाळ झालं, कवचं वाचली, आणि तळावर सगळीकडे एकदम पांढरं पांघरूण पडलं. समुद्राचा तळ होता तिथेच होता. तो सरकत्या पट्ट्यासारखा चालतोय असं म्हणणारी नवी मंडळी निघाली आहेत. त्यांना माझा नमस्कार सांग, पण लांबून.

आपल्या घरात समुद्रावर जाणारी माझ्यानंतर तूच. तुझा बाप तर होडीचं चित्र पाहूनही पांढरा पडायचा. माझी छाती किती फुगली आहे ते काकूला विचार, सदऱ्याचं एक बटण तिने परवाच लावून दिलं.

प्रकृतीला जप, आणि पत्रं लिहिण्यात आळस करू नकोस.

तुझा,
काका


जहाजावरून,
११ एप्रिल

ती. सौ. काकूस,
सा. न.

गोळ्या पोचल्या, आलं संपलं. हे पत्र फक्त तुला आहे. सोबत काकांच्या नावाचं दुसरं पाकीट आहे, खाली लिहिलंय तेच त्यात त्यांना कळवलंय, ते त्यांना नीट खाऊनपिऊन झाल्यावर दे आणि जवळच बस.

काकू, काकांचं चुकलंय. मी आतापर्यंत आलेल्या प्रत्येक नळीतल्या पांढऱ्या थरातली कवचं सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. कुठल्या काळात कोणत्या जातीचे जीव होते ते आता ठाऊक आहे, त्यामुळे कवच ओळखलं की वय कळतं. उत्तरेच्या नळीत थर सगळ्यात जुना आणि खोल. जसजसं दक्षिणेला यावं तसतसा तो नवा होत जातो आणि वरही येतो. एकदम पडलेलं पांघरूण असतं तर सगळीकडे वय एकच निघालं असतं.

आणि याचा अर्थ सरळ आहे. विषुववृत्ताच्या पट्ट्यात पाण्यात जीव इतके दाट असतात की कवचांचा नुसता पाऊस पडतो, तिथलं चावरं पाणीही सगळी संपवू शकत नाही. तळ सावकाश उत्तरेकडे सरकतोय. त्याचा जो तुकडा त्या पट्ट्याखालून जातो त्याच्यावर पांढरा थर बसतो, आणि पुढे गेला की पुन्हा लाल माती. उत्तरेचे तुकडे आधी गेले, दक्षिणेचे नंतर.

हे कळलं तेव्हा आनंदाने नाचावंसं वाटलं आणि लगेच रडू आलं. त्या थरावर काकांचं नाव उभं आहे. मला अक्षरं शिकवायच्या आधी त्यांनी वाळू आणि माती बोटांत चोळून फरक ओळखायला शिकवलं. आता मीच त्यांना खोटं पाडायचं? गोळ्यांच्या मोहिमेत चिखलाचं कुणी विचारत नाही. मी गप्प बसले, हे छापलं नाही, तर बाहेर कुणाला कळणारही नाही. त्यांना त्रास होणार असेल तर तसं कळव, मी गप्प बसते.

तुझ्याशिवाय हे कुणाजवळ बोलणार?

तुझीच,
चिखलराणी


घर,
३० एप्रिल

चि. राणीस,
अ. आ.

पाकीट जेवणानंतरच दिलं. हे उभ्याने वाचायला लागले आणि वाचता वाचता खाली बसले. मी विचारलं काय झालं, तर म्हणाले काही नाही, पोरगी हुशार आहे. मग दार लावून घेतलं.

तेव्हापासून घरात माणूस आहे की नाही ते कळत नाही. केस मानेवर आलेत, पण न्हाव्याकडे जात नाहीत. त्यांचे जुने विद्यार्थी भेटायला आले तर मला सांगायला लावलं की बरं वाटत नाही. दुकानातून माझं मोठं भिंग उचलून नेलंय, कशाला ते सांगत नाहीत. खरं सांगू का, मला काळजी वाटते. इतक्या वर्षांत त्यांना कुणी असं कोपऱ्यात गाठलेलं मी पाहिलं नाही.

गप्प बस असं मात्र मी तुला सांगणार नाही. तू यांच्यासाठी गप्प बसलीस हे पुढे कधी यांना कळलं, तर त्याचं काय होईल याची मला जास्त भीती आहे. सोबत त्यांची चिठ्ठी आहे. मला वाचू दिली नाही. जेवत जा.

तुझी,
काकू


घर,
३० एप्रिल

चि. पुतणीस,
आशीर्वाद.

पत्र पोचलं. जुनी कवचं तळावरच्या प्रवाहाने वाहून नव्या चिखलात मिसळू शकतात. हे तू तपासलंस का? तपासलं असशील तर तसं लिहिलेलं नाही.

तुझ्या नळ्या सगळ्या उत्तरेच्या अंगाला आहेत. विषुववृत्ताच्या अगदी जवळ, पट्ट्याच्या कडेला एक नळी टाक. तुझं खरं असेल तर तिथे लाल माती नावापुरती असेल आणि खाली लगेच पांढरा थर, त्यातली कवचंही अगदी नवी. माझं खरं असेल तर थर माझ्या नळीइतकाच जुना निघेल. यातून पळवाट तुलाही नाही आणि मलाही नाही.

नळी टाकल्याशिवाय मला लिहू नकोस.

काका


जहाजावरून,
२ जून

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

नळी टाकली.

साहेब आधी ऐकेनात. तिकडे गोळे नाहीत, तेल जाळून चिखल आणायला मी काय वेडा आहे, म्हणाले. मी त्यांच्या मागे हात धुऊन लागले. गोळे कुठे नसतात आणि का नसतात हे कळल्याशिवाय ते कुठे असतात हे कसं कळणार, असं रोज नाश्त्याला, जेवणाला आणि चहाला विचारलं. शेवटी वैतागून म्हणाले, एकदा, फक्त एकदा.

नळी चिरली तर एका टोकाला वीतभर लाल माती आणि बाकी सगळं पांढरं. साहेब हसायलाच लागले. म्हणाले, बाई, तू कांडी उलटी ठेवलीस, हे खालचं टोक आहे. ही चूक या धंद्यात सगळ्यांकडून एकदा तरी होते, आणि नळीवरची खूण पाण्याने पुसली गेली होती. मग लाल माती जवळून पाहिली. तिच्या टोकाला वाटाण्याएवढे काळे दाणे अर्धे रुतलेले होते. मँगेनीजचे कोवळे गोळे! ते उघड्या तळावर वाढतात, म्हणजे तेच टोक वरचं. आणि नुसते वाटाणेच का, तेही कळलं: इथली लाल माती इतक्यात बसायला लागली, गोळ्यांना वाढायला वेळच मिळालेला नाही. ते दाणे साहेबांच्या तळहातावर ठेवले. हसणं थांबलं, आणि त्यांनी स्वतःच्या हाताने नळीवर खूण केली.

कवचं नवी आहेत. वाहून आलेली असती तर झिजलेली आणि निरनिराळ्या काळांची असती. प्रत्येक नळीतली धुऊन, निवडून पाहिली. सगळी धड, सगळी आपापल्या काळाची.

काका, मला आनंद झाला आहे आणि तो लपवता येत नाही. त्याचबरोबर तुमच्यासमोर कशी येऊ ते समजत नाही. लेखाचा मसुदा सोबत आहे. तुम्हाला जे वाक्य नको वाटेल ते खोडा. सगळा लेख नको वाटला तर तोही ठेवून घ्या.

तुमचा राग सोसेन, अबोला मात्र नको.

आपली,
पुतणी


घर,
२३ जून

चि. चिखलराणीस,
अनेक आशीर्वाद, आणि या वेळी मोजून नव्हे.

आधी खरं ते सांगतो. वाईट वाटलं. त्या पाकिटातल्या पत्रानंतर फार वाटलं. इतकी वर्षं जी गोष्ट ठाम सांगितली ती आपल्याच घरातून मोडली जाते, हे गिळायला वेळ लागतो. तो मी घेतला. म्हातारपणी एवढी सवलत असावी.

पण परवा तुझा तो काळ्या वाटाण्यांचा मजकूर वाचला आणि मी खुर्चीतून उठलो. काकूला हाक मारली, ती दुकान उघडं टाकून धावत आली. तिला म्हटलं, ऐक, पोरीने गोळ्यांवरून टोक ओळखलं! साहेबांसारखा माणूस समोर हसतोय, खूण पुसली गेली आहे, आणि ही घाबरली नाही, हिने मातीला विचारलं. माझ्या एकाही विद्यार्थ्याला ते सुचलं नसतं. मला सुचलं असतं की नाही, याचा विचार मी करत नाही. काकू म्हणते, मी त्या दिवशी दोनदा जेवलो.

आता लेख. आकृत्या चोख आहेत. कवचांचा भाग इतका पक्का बांधला आहेस की बोट शिरत नाही. पण दुसऱ्या पानावर एक वाक्य आहे, ते वाचून मला खरोखर राग आला. तू लिहितेस की काही पूर्वीच्या अभ्यासकांचा निष्कर्ष अपुऱ्या नमुन्यांमुळे मर्यादित असावा. कोण हे पूर्वीचे अभ्यासक? त्यांना नाव नाही? आणि मर्यादित म्हणजे काय? तू मला गोंजारतेस? मी काय आजारी आहे? समुद्राच्या तळाने लाखो वर्षं चालून जी गोष्ट सांगितली, ती माझं मन राखायला तू कुजबुजत सांगणार?

ते वाक्य मी खोडलं आहे आणि माझ्या हाताने दुसरं लिहिलं आहे. त्यात माझं पूर्ण नाव आहे, आणि नावापुढे लिहिलं आहे की त्यांचा निष्कर्ष चुकीचा होता. एक अक्षरही बदलायचं नाही. लेख छापून येईल तेव्हा लोकांना दोन्ही नावांतलं एकच आडनाव दिसेल, आणि हिला शिकवलं कुणी, हे मला कुणाला सांगावं लागणार नाही.

लोभ वाढव, सौम्यपणा कमी कर.

तुझा, नावानिशी चुकलेला,
काका