आढळले नाही

४ मार्च

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. फोन तू हल्ली पत्र्याच्या डब्यात बंद करून ठेवतेस असं कळलं, म्हणून हा कागद. कागदातून लहरी निघत नाहीत. शाईत काय काय असतं ते विचारू नकोस. मला माहीत आहे आणि मी सांगणार नाही.

आई माझ्याकडे आहे, बरी आहे. उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. पट्टी निघाल्यावर तिचं पहिलं वाक्य, "अगंबाई, तुझ्या भिंती इतक्या मळक्या होत्या?" तेव्हापासून मी घासलेली भांडी ती पुन्हा घासते. डावा डोळा राहिलाय. तो झाल्यावर मला घर सोडावं लागेल बहुतेक.

प्रयोगशाळेत नवीन यंत्र आलं. ते चालवायला दोघींना शिकवलं, त्यातली एक मी. पाण्याच्या एका बाटलीत काय काय विरघळलंय हे ते जुन्या यंत्रापेक्षा खूप बारीक सांगतं. साहेब म्हणाले, "यंत्र तुझ्यापेक्षा जास्त बोलतं." हे कौतुक होतं का, ते मी विचारलं नाही.

खुशाली संपली. आता कामाचं.

भाऊजींचा फोन आला होता. त्यांच्यावर चिडू नकोस, ते बिचारे जिन्यात उभं राहून हळू आवाजात बोलत होते. म्हणाले, "मेव्हणीबाई, सोफा गेला. गादी गेली. काळे तवे गेले. घरात जुनं आणि रसायनांनी भरलेलं असं आता मीच उरलोय. माझा नंबर लागायच्या आत काहीतरी करा." मी हसले. ते हसले नाहीत.

त्यांनी सांगितलं की तू रोज सकाळी आयोडीनचे थेंब घेतेस. आधी एक होता, आता चार झाले. दुपारी दुकानात काच कापता कापता खुर्चीतच झोप लागते. उन्हातसुद्धा शाल घेऊन बसतेस. आवाज जाड झालाय आणि गळ्याशी भरल्यासारखं दिसतं. थकवा वाढला की तू थेंब वाढवतेस.

आणखीही एक गोष्ट त्यांनी सांगितली. ती तू मला सांगितलेली नाहीस, तेव्हा ती मला माहीत नाही असं धरून पुढचं लिहिते. पण ती मला माहीत आहे, हे तुला माहीत असू दे.

तुझी रीत मी समजून घेतली. मनगटावर आयोडीनचा पट्टा ओढायचा. संध्याकाळपर्यंत डाग गेला तर शरीर तहानलेलं होतं, त्याने ते पिऊन टाकलं, म्हणून उद्या थेंब वाढवायचा. डाग टिकला तर पुरे. आणि तुझा डाग काही टिकत नाही. गंमत अशी की लहानपणी आपले गुडघे फुटले की आई हेच औषध लावायची आणि म्हणायची, "डाग गेला की जखम बरी." तेव्हा डाग गेला की आपण उड्या मारायचो. आता तोच डाग गेला की तू घाबरतेस.

मी करून पाहिलं. एक पट्टा माझ्या मनगटावर, एक काचेच्या पट्टीवर, एक न्हाणीघरातल्या फरशीवर. आणि एक मनगटावरच, पण त्याच्यावर पारदर्शक चिकटपट्टी दाबून लावलेला. संध्याकाळी मनगट साफ. काचही साफ, नुसती पांढुरकी खरखर राहिली होती. फरशीही साफ. चिकटपट्टीखालचा डाग दुसऱ्या दिवशीही होता.

आई चष्मा पुसत सगळं बघत होती. म्हणाली, "काय गं, काचेलापण आयोडीन कमी पडतं का?"

एवढंच आहे, ताई. आयोडीन उघड्यावर उडून जातं. कपाटातली डांबरगोळी झिजते ना, ती काही कपड्यांनी खाल्लेली नसते. कातडीवर थोडं इकडेतिकडे होत असेल, पण तहानेचा तिथे काही संबंध नाही. काचेला तहान लागत नाही.

माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. तुझ्या दुकानात काचेचे तुकडे काही कमी नाहीत. एकावर पट्टा ओढ आणि संध्याकाळी बघ.

आता मला जे माहीत नाही त्याबद्दल. समजा एखादी बाई गरोदर आहे. तिला आयोडीन लागतंच, नेहमीपेक्षा जास्त लागतं. पण भाऊजींनी बाटलीवरचं वाचून दाखवलं त्यावरून तुझ्या एका थेंबात त्या बाईचा जवळजवळ महिन्याभराचा वाटा आहे. इतकं एकदम आलं की मोठ्या माणसाच्या गळ्यातली ग्रंथी दार लावून घेते. बहुतेकांची थोड्या दिवसांनी पुन्हा उघडते, काहींची उघडत नाही. मग थकवा, थंडी, जाड आवाज. आणि पोटातल्या बाळाची ग्रंथी असते, तिला दार लावल्यावर परत उघडता येत नाही. ते ती अजून शिकलेली नसते.

रक्त तपासून घे. तोपर्यंत बाटली बंद. फोमच्या कारखान्याचं तुझ्या नळात काही येतं का, त्या तपासणीचा अहवाल सोबत ठेवलाय.

आईचा आशीर्वाद. भाऊजींना बसायला निदान एक लाकडी स्टूल तरी ठेव.

तुझी,
काटा


१५ मार्च

प्रिय ताई,

तुझं उत्तर मिळालं. सात ओळी, त्यातल्या दोन शिव्या. बाकीच्या मी परत परत वाचल्या, म्हणून त्या इथे उतरवते, म्हणजे मी कशाला उत्तर देतेय ते मलाही दिसेल.

"उंटावरून शेळ्या हाकायची तुझी सवय जुनी आहे. काचेवरचा डाग गेला. मान्य. पण फोमचा कारखाना माझ्या मनगटावर नाही, माझ्या नळात आहे. आणि तुझा तो कागद. प्रत्येक ओळीपुढे तेच. आढळले नाही, आढळले नाही, आढळले नाही. नाही म्हणजे नाही असं का लिहीत नाही तुम्ही? हे शब्द मला पुन्हा दाखवू नकोस."

आधी कारखान्याचं. तुझं सगळंच खूळ आहे असं मी म्हणत नाही. काही क्षार शरीरात आयोडीनची जागा अडवतात, हे खरं आहे. कारखान्यामागच्या नाल्यात मला ब्रोमाइड, म्हणजे तसलाच एक क्षार, सापडलं आणि बऱ्यापैकी सापडलं. नाल्यात, नळात नव्हे. तुमचं पाणी नाला नदीला मिळतो त्याच्या वरच्या अंगाला उचलतात. नाल्याचा अहवाल मी लिहिला. साहेब सही करायला कां कू करत होते, तर मी त्यांच्या टेबलापाशी उभी राहिले. ते म्हणाले, "बस ना." मी म्हटलं, "उभीच बरी आहे." शेवटी सही झाली, कागद वर गेला. वर काय होईल ते मला सांगता येत नाही. पण विष आहे म्हणणाऱ्या बाईला वेडी ठरवायला मी हे लिहीत नाहीये, हे लक्षात घे.

आता तो शब्द.

आमच्याकडे शून्य लिहायची मुभा नाही. कुठल्याही यंत्राची एक हद्द असते, तिच्याखालचं त्याला दिसत नाही. म्हणून आम्ही "नाही" लिहीत नाही, "आढळले नाही" लिहितो. म्हणजे, आम्ही इथवर पाहिलं, इथवर काही नव्हतं, त्याच्यापलीकडचं आम्ही बोलत नाही. तुला ती पळवाट वाटते. आमच्या धंद्यात तो खरेपणा आहे. तुझ्या नळाचं पाणी मी दोनदा मागवलं. पहिल्या वेळी भाऊजींनी मी पाठवलेली बाटली साबणाने घासून धुतली होती, ते पाणी फेकावं लागलं.

इथवर लिहून मी दोन दिवस पत्र बाजूला ठेवलं होतं.

ताई, तू "पुन्हा" लिहिलंस. "पुन्हा दाखवू नकोस." हा शब्द तू आधी कुठे ऐकलास, हे माझ्या इतक्या उशिरा लक्षात आलं. अहवाल पाठवताना आलं नाही. मी तो कागद पाकिटात घातला, तुझा पत्ता लिहिला, आणि तरीही आलं नाही.

मागच्या खेपेला त्या खोलीत मी होते. भाऊजी पैसे भरायला खाली गेले होते. तू आडवी होतीस आणि मी तुझी पर्स धरून भिंतीशी उभी होते. डॉक्टरीणबाई बराच वेळ पडद्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "ठोके आढळत नाहीत." तू माझ्याकडे पाहिलंस. मी त्यांना विचारलं, "मशीन किती जुनं आहे? किती कमी पकडू शकतं?"

नंतर तू आईला म्हणालीस, "माझं लेकरू गेलं आणि हिला मशीनचं पडलं होतं." आईने मला ते सांगितलं.  अशा वेळी बोलणं मला जमत नाही हे तुला ठाऊक आहे. काटा हे नाव मला तूच ठेवलंस. खाऊची वाटणी मी तराजूने करायचे म्हणून. मोठेपणी तू म्हणायला लागलीस की तराजूचा काटा गेला, टोचणारा राहिला.

पण मी ते का विचारलं, हे आज लिहिते. माझ्या जगात "आढळत नाही" म्हणजे संपलं असं नसतं. हद्दीच्या खाली काहीतरी असू शकतं. त्या दोन शब्दांत थोडी जागा असते. त्या खोलीत मला ती जागा हवी होती. मशीन जुनं निघालं असतं, तर मी तुला तशीच उठवून दुसरीकडे नेलं असतं. मशीन नवंकोरं होतं.

आणि पाणी. नवीन यंत्र आल्यावर मी त्यात पहिलं घातलं ते तुझ्या नळाचं पाणी. यंत्राची चाचणी म्हणून नोंद आहे. जुन्या हद्दीच्या कितीतरी खाली गेले. मला त्या पाण्यात काहीतरी सापडायला हवं होतं, ताई. कुणालातरी बोट दाखवता आलं असतं. मी इतकं मन लावून आजवर कुठलंच पाणी तपासलेलं नाही. काही आढळलं नाही.

लेकरू गेलं त्याला कारण नाहीच, असं मी म्हणत नाही. आपल्याला ते सापडलेलं नाही. ते तू चार थेंबांत शोधतेस, मी बाटलीत. पण तुझ्या शोधाची किंमत आता एकट्या तुझी नाहीये. या वेळचं बाळ आयोडीन कमी पडून नाही, जास्त होऊन अडचणीत येईल, आणि ते पाजणारी तू असशील. हे कडू आहे. दुसऱ्या कुणी सांगितलं तर तू त्याला घराबाहेर काढशील, म्हणून मी सांगते. काट्याने काटा काढतात, तसं समज.

रक्त तपास. थेंब थांबव. मग मला वाटेल तेवढ्या शिव्या दे, दोन फार कमी होत्या.

तुझी,
काटा


२ एप्रिल

प्रिय ताई,

काल तुझा फोन आला तेव्हा मी हातमोजे घालून उभी होते. पहिल्यांदा वाटलं, भाऊजीच तुझ्या नंबरावरून बोलताहेत. "डब्यातून काढला," तू म्हणालीस, "फोन गं. लहरी काय, आधीच मेल्या आहेत त्यात, चार्जिंग नव्हतं." आई मागून ओरडली, "कोण आहे?" मी म्हटलं, "ताई." तर ती डोळ्याला औषध घातलेलं असताना उठून आली. डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं होतं.

फोनवर मला फारसं बोलता आलं नाही, म्हणून हे.

रक्ताचा आकडा वाईट आहे, पण हाताबाहेर गेलेला नाही. ग्रंथी मंदावली आहे. डॉक्टरीणबाईंनी दिलेली गोळी रोज उपाशीपोटी घे. थोड्या आठवड्यांनी रक्त पुन्हा बघतील. बाळाच्या गळ्यावरही त्या मुद्दाम लक्ष ठेवणार आहेत. सगळं नीट होईल असं मी लिहीत नाही. थेंब वेळेत थांबले एवढं लिहिते.

बाटली गटारात ओतू नकोस. माझ्याकडे दे. आमच्याकडे त्याची रीत आहे.

तू विचारलंस, "पुढच्या सोनोग्राफीला येशील?" आणि मी उत्तर द्यायच्या आत म्हणालीस, "पण एक सांगते, मशीनबद्दल एक अक्षर काढायचं नाही."

कबूल. सुट्टी टाकली आहे. साहेबांनी कारण विचारलं. मी म्हटलं, "घरचं." ते म्हणाले, "तुला घर आहे?" चेष्टा करत होते. मीही हसले, हे तुला खोटं वाटेल.

मशीनबद्दल विचारणार नाही. त्या "आढळतात" म्हणाल्या, तर मिनिटाला किती, एवढं मात्र विचारेन. तेवढं तू मला माफ करायचं. आणि त्या काही वेळ गप्प राहिल्या, तर मीही गप्प राहीन.

पर्स भाऊजींकडे दे. या वेळी माझे दोन्ही हात मोकळे हवेत.

परवा सकाळी येते.

तुझ्या उशाशी उभी राहणारी,
तुझीच काटा