चिनी पोरींचं कव्हर

खर्डा, शुक्रवार, ११ ऑगस्ट १९७२

आज मीच तोंडघशी पडले. माझ्या पाचवीच्या वर्गातल्या सुमनच्या वहीला रद्दीतल्या चिनी मासिकाचं कव्हर होतं. खांद्यावर कुदळी घेतलेल्या शाळकरी मुली, पुढे लाल झेंडा, आणि काय ते हसू! पंधरा ऑगस्ट तोंडावर आलेला. मी ओरडले, "फाड ते!"

शाळा सुटल्यावर तिचे वडील आले. बासष्टच्या लढाईत ते चीनच्या कैदेत होते, पायाची बोटं बर्फात गेली. कव्हर त्यांनीच घातलेलं!

"बाई, आमच्यावर पहाऱ्याला असलीच पोरं हुती. मिसरूडबी फुटलेलं न्हाई. रोज सकाळी बर्फात उभं राहून देशाचं गानं म्हनायची. सायब नसला तरीबी."

"राग नाही येत?"

"येतो की. पन समोर कोन हाय, ते पोरीला कळू द्या."

साहेब नसला तरी! कशी घडवत असतील ही मुलं? धाकाने? मग ते हसू कुठून आलं?

आज हेडमास्तर रजेवर होते, म्हणून मी प्रतिज्ञा न म्हणवताच मुलांना वर्गात सोडलं होतं.