तळहातावरचा दगड

ता. ११ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं पत्र मिळालं. मी ठीक आहे, म्हणजे दोन वेळ जेवते आणि कोणाशी फारसं बोलत नाही. तुझ्या हातांच्या भेगा कशा आहेत? दिवसभर ओल्या मातीत हात घालून भांडी घडवायची म्हणजे कातडी फुटणारच. मलमाची नवी डबी सोबत ठेवली आहे. या खेपेला मेण जरा जास्त घातलंय.

आता तुझ्या पत्राकडे वळते. ‘घरातलं घरात मिटव, थोडं स्वतःवर घे,’ असं लिहिलंस. थोडं? भाऊजींनी चौकशी समितीला लेखी कळवलंय की आकाशातून पडलेला तो दगड मी हातमोजे न घालता हाताळला आणि खराब केला. गुरुवारी समिती बसेल आणि मला प्रयोगशाळेतून नारळ मिळेल. तुझ्या नवऱ्याची खुर्ची शाबूत राहील. याला थोडं म्हणतात का गं?

तुला नीट सांगते, कारण घरी ते वेगळंच सांगत असणार. अशा दगडांत कधी कधी अमिनो आम्लं सापडतात. आपल्या अंगातली प्रथिनं ज्यांची बनतात तीच, पण कुठल्याही जिवाशिवाय तिकडे वर तयार झालेली. त्यांच्यासाठीच मी या कामात पडले. त्यांची घडण दोन तऱ्हेची असते, डावी आणि उजवी. वरून आलेल्या दगडात दोन्ही बहुधा सारखीच भरतात. माणसाच्या अंगात जवळपास सगळी डावीच. भाऊजींना या दगडावर जे भरघोस आकडे मिळाले, त्यांत उजवी औषधालाही नव्हती. मी त्यांच्या खोलीत जाऊन, दार लावून सांगितलं होतं, घाई करू नका. ‘तू नसत्या बारकाव्यात शिरतेस,’ म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी पत्रकारांना बोलावून शोध जाहीर केला. पुढे बाहेरच्या प्रयोगशाळेने तपासलं आणि सांगितलं, हा माणसाचा स्पर्श आहे. तेव्हा कुठे त्यांना माझी आठवण झाली.

आमच्याकडे एक रीत आहे. दगडाशेजारी काचेची रिकामी बशी झाकून ठेवतो. दगड उघडला की बशी उघडायची, दगड झाकला की बशीही झाकायची. खोलीतलं जे काही दगडावर पडेल ते बशीतही पडतं, मग आपली घाण कुठली आणि आकाशातलं कुठलं ते कळतं. बशी स्वच्छ निघाली, आणि त्याच जोरावर भाऊजींनी छाती फुगवली. अगं, ती स्वच्छ निघाली कारण कोणीतरी तिला हात न लावता दगड तेवढा बाहेर काढला होता. मी बशी विसरणं म्हणजे तू भट्टी पेटवायला विसरण्यासारखं आहे.

आणि दगडावर मेण सापडलं. मधमाश्यांचं मेण आणि लव्हेंडरचं तेल. आलेखात माझ्या मलमाची कृतीच उमटली होती.

लिहू की नको करत इथवर आले. तुमच्या लग्नाच्या वाढदिवशी तू फोनवर म्हणाली होतीस, “ह्यांनी आज तो दगड माझ्या तळहातावर ठेवला. एवढासा, पण काय जड गं! इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला त्यांचं काम दाखवलं.” मला वाटलं, पाहुण्यांना दाखवायला वेगळा तुकडा ठेवलाय तो असेल. तुझा आवाज इतका खुललेला होता की मी आणखी काही विचारलं नाही.

तुझी चूक नाही. तुला काय माहीत? ज्यांना माहीत होतं त्यांनी तुला हात धुवायलाही सांगितलं नाही.

खरी चीड कशाची येते सांगू? नंतर मी दगडाचा गाभा फोडला. तिथे कोणाचाच हात पोचलेला नव्हता. आत अमिनो आम्लं आहेत, अगदी थोडी, डावी-उजवी सारखी. खरीखुरी, वरची. मी नाचायचीच बाकी होते. भाऊजींना दाखवली तर म्हणतात, “एवढ्याशा आकड्याला कोण विचारतं?” एवढ्या लांबून आलेलं आणि या माणसाला ते कमी पडलं.

समितीपुढे मी मलमाचं नाव काढलं तर पहिला प्रश्न येईल, मलम कोण बनवतं? मी. म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. मी ते लावत नाही, दुसऱ्या कोणाला देतही नाही. लावतेस फक्त तू. त्या दिवशी दगड कोणाच्या तळहातावर होता, हे तू सांगितलंस तरच कोणी ऐकेल, कारण भाऊजी तोंड उघडणार नाहीत.

आपलेच दात, आपलेच ओठ, हे मलाही कळतं. तो दिवस तुझ्यापासून हिरावून घ्यावा असं मला वाटत नाही. तुझे आनंदाचे दिवस मोजकेच आहेत, तेही कळतं. पण त्याची भरपाई माझ्या नावाने का? गुरुवारी सकाळी ये. येणं जमत नसेल तर चार ओळी लिहून पाठव. नाही केलंस तर मी तुला काही म्हणणार नाही, असं लिहिणार होते. खोटं कशाला लिहू? म्हणेन. जन्मभर म्हणेन.

डबी मात्र वापर. रागाने बाजूला ठेवू नकोस, भेगा वाढतील.

तुझे हात कुठेही ओळखणारी,
धाकटी